बेत आणि माया : चोळीपासून ब्लाउजपर्यंत

पदवीच्या वर्गात शब्दार्थांचा तास चालला होता. ‘बेतणे’ या क्रियापदाचा अर्थ विचारला तेव्हा ‘जिवावर बेतणे’ हा वाक्प्रचार वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक होता. ‘बेत’ही ठाऊक होता, सहलीचा बेत, रविवारच्या जेवणाचा बेत. पण नुसते ‘बेतणे’ म्हणजे काय, यावर वर्ग गप्प झाला. शेवटी मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, “माझी आई ब्लाउज बेतते.” वर्ग हसला. खरे तर त्या तासाचे सर्वांत अचूक उत्तर तिचेच होते.

बेतणे म्हणजे मापाबरहुकूम कापड कापणे. हिंदीतल्या ‘कतर-ब्योंत’मधला ‘ब्योंत’ याच कुळातला. कापडाला कात्री लावण्यापूर्वी जो विचार करावा लागतो, तो ‘बेत’. हाताशी असलेल्या कापडात जे बसते, ते ‘बेताचे’. आणि संकट एखाद्याच्या मापाने कापून आणल्यासारखे अंगावर आले की ते ‘जिवावर बेतते’. शिंपीकामातला हा एक शब्द मराठीने योजनेसाठी, मर्यादेसाठी आणि प्राणसंकटासाठी वापरला. शिवणकामाकडे ‘बायकांचा फावल्या वेळेचा उद्योग’ म्हणून पाहण्याची आपली सवय या शब्दाच्या पुढ्यात जरा ओशाळते.

हा लेख चोळीचा आणि तिच्या जागी आलेल्या ब्लाउजचा आहे. साडीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. पैठणीवर तर प्रबंध होतात. साडीच्या आत असते ते वस्त्र मात्र वाङ्मयात शृंगारापुरते आणि इतिहासात तळटीपेपुरते उरले. त्याचे कारण उघड आहे. साडी विणली जाते आणि विणकराच्या हातून सुटली की पूर्ण होते. कोणाच्याही अंगाला ती चालते. चोळी एका विशिष्ट देहासाठी बेतावी लागते. म्हणूनच चोळीच्या इतिहासात नेहमी एक प्रश्न दडलेला असतो : तिचा बेत कोणाचा? जिच्या अंगात ती जायची तिचा, शिंप्याचा, की जातीचा आणि घराण्याचा?

शिवलेले कपडे आपल्याकडे परकीयांबरोबर आले, असे एक मत वर्षानुवर्षे ऐकू येते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रातील नर्तकी ज्याने डोळे उघडे ठेवून पाहिली असेल त्याला हे मत पटणे कठीण. लांब बाह्यांचे, अंगासरशी बसणारे, उघडच बेतून शिवलेले वस्त्र तिच्या अंगात आहे. डॉ. मोतीचंद्र आणि डॉ. गो. स. घुर्ये या दोघांनी भारतीय वेशभूषेवर लिहिताना शिल्पे आणि चित्रे यांचा पुरावा बारकाईने तपासला. घुर्ये यांचा ग्रंथ १९५१ सालचा. आजही त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. आपल्या मातीतल्या हालाच्या गाथासप्तशतीत निळी कंचुकी येते, आणि येते तीही तोकडी पडणारी : ढगाआडून चंद्र डोकवावा तसे त्या कंचुकीत न मावलेले वक्ष कवीला दिसते. वस्त्र अंगाला नीट बसले आहे की नाही, याची नोंद आपल्या काव्याने इतक्या लवकर घेतली; फक्त ती घेतली पाहणाऱ्याच्या बाजूने.

पुढे शाहिरी लावणीनेही तेच केले. तिथली चोळी तंग असते, ऐन्यांची असते, भरजरी असते, आणि तिचे वर्णन करणारा डोळा पुरुषाचा असतो. या चोळीच्या शेजारी जात्यावरच्या ओवीतली चोळी ठेवून पाहावी. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या ओव्यांचा संग्रह लाखाच्या पुढे जातो. त्यात चोळी पुन्हा पुन्हा येते, पण ती दिसण्यासाठी येत नाही. भावाने घेतलेली वस्तू म्हणून येते. भाऊ बाजारात गेला, दुकानात बसला, बहिणीसाठी खण निवडला, शिंप्याकडे दिला. चोळी घेणारा आहे म्हणजे माहेर शाबूत आहे. लावणीतल्या चोळीला अंग आहे आणि नाते नाही. ओवीतल्या चोळीला नाते आहे आणि अंगाचा उल्लेखही नाही. चोळी घालणाऱ्या बाईला ती दंडात रुतते का, काखेत काचते का, हे दोन्हीकडे कोणी विचारलेले नाही. साहित्याच्या अभ्यासकाने खंत करावी अशी ही जागा आहे. आपल्या एवढ्या मोठ्या परंपरेत काचणाऱ्या चोळीबद्दल इतके थोडे बोलले गेले.

आता प्रत्यक्ष चोळीकडे वळू. महाराष्ट्राची जुनी चोळी खणाची. खण हे अरुंद पन्ह्याचे कापड. दोन्ही बाजूंना काठ, मधे जादा ताण्याने उठवलेली बारीक नक्षी. आजच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातले गुळेदगुड्ड हे त्याचे मोठे केंद्र. तिथला माल पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातल्या बायकांच्या अंगावर आला आणि ओटीत पडला. ‘चोळखण’ या शब्दात हिशेबच आहे : एका चोळीला पुरेल एवढे कापड. अर्थात कापडाचे माप आधी ठरलेले आणि बेत त्याच्या आत बसवायचा. काठ वाया घालवायचा नाही. तो बाहीच्या तोंडाशी आणि खालच्या कडेला यायला हवा. उरलेल्या तुकड्यांतून काखेजवळचे जोड निघाले पाहिजेत. कापड वाचवणे हीच इथे रचनेची पहिली अट होती, आणि तिच्यातून चोळीचे रूप घडले : आखूड पाठ, दंडाला घट्ट बाह्या, आणि पुढे दोन टोके. त्या टोकांची छातीखाली गाठ मारायची.

ही गाठ मला फार महत्त्वाची वाटते. बटण किंवा हुक एका ठरलेल्या जागी लागतो. त्या जागेला आकडा असतो. गाठीला आकडा नसतो. अंग भरले की गाठ टोकाकडे सरकते, बाळंतपणानंतर तशीच राहते, आजारपणात अंग उतरले की आत येते. तान्ह्या मुलाला पाजायच्या वेळी ती सोडता येते. चोळी घालणारी बाई रोज सकाळी, नकळत, स्वतःचे माप स्वतः घेत असे. दंडाच्या बाबतीत मात्र ही सोय नव्हती. बाही घट्टच असायची आणि ती रुतल्याचा वळ अनेक आज्यांच्या दंडावर आम्ही पाहिला आहे. जुने ते सगळे सुखाचे होते असा गोड गैरसमज करून घ्यायला नको, म्हणून हेही सांगितले.

आणि ही गाठ सगळ्यांच्या वाट्याला आलेली नव्हती. ब्राह्मण घरातल्या केशवपन केलेल्या विधवेला चोळी वर्ज्य होती. आलवण नेसायचे आणि त्याचाच पदर अंगभर ओढून घ्यायचा. कुंकू पुसले, बांगड्या फुटल्या, केस गेले, याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. चोळी गेली, हे त्या यादीत शेवटी आणि ओझरते येते. पण ओलेत्याने वावरणाऱ्या, स्वयंपाकघरात चुलीपुढे वाकणाऱ्या, दिराच्या-पुतण्याच्या नजरेसमोर कामे उपसणाऱ्या तरुण बाईच्या दृष्टीने रोजच्या जगण्यातला सर्वांत कठोर भाग कदाचित तोच असेल. जातीनेही वस्त्राचा असाच बेत परस्पर ठरवला होता. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (पुस्तकरूपाने १९८६) महार स्त्रियांनी लुगड्याचा काठ निऱ्यांत दडवावा, या सक्तीची नोंद आहे. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले तेव्हा लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्याचे त्यांनी आवर्जून सांगितले. त्या स्त्रियांनी ते लगेच आचरणात आणले, हे ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ऊर्मिला पवार-मीनाक्षी मून यांच्या ग्रंथामुळे सर्वांना ठाऊक झाले. वस्त्र कसे बसावे हा प्रश्न नटण्यामुरडण्याचा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही दोन्ही पुस्तके पुन्हा वाचावीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाई घराबाहेर पडू लागली आणि चोळी अपुरी ठरू लागली. या बदलाची एक कडी आपल्या मुंबईतून बंगालात गेली. सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएस झालेले पहिले भारतीय. १८६४ साली त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईत आल्या. माणकजी करसेटजी यांच्या पारशी कुटुंबात त्या राहिल्या. पारशी बायकांची साडी नेसण्याची रीत त्यांनी उचलली, तिच्या आत परकर आणि अंगभर शिवलेले वस्त्र आले, आणि कलकत्त्याला परतल्यावर त्यांनी ही पद्धत इतर स्त्रियांना शिकवली. ब्राह्मो घरांतून ती पसरली. आज जी ‘भारतीय’ साडी-ब्लाउजची जोडी म्हणून जगभर ओळखली जाते, तिच्या घडणीत मुंबईच्या पारशी दिवाणखान्याचा एवढा वाटा आहे.

मराठी बाजूने पाहिले तर आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ साली अमेरिकेला जाताना कोणता वेश करायचा, हा त्यांच्यापुढे खरोखरीचा प्रश्न होता. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि फिलाडेल्फियाची थंडी कोणाची गय करत नाही. परदेशी झगा घालायचा नाही हे ठरलेले. मग त्यांनी गुजराती पद्धतीची साडी आणि आत अंग झाकणारे शिवलेले वस्त्र असा मध्य काढला. केई ओकामी आणि सबात इस्लामबुली या सहाध्यायिनींबरोबरचे १८८५ सालचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिघी आपापल्या देशाच्या वेशात आहेत असे त्याखाली लिहिले जाते. आनंदीबाईंच्या बाबतीत ते अर्धेच खरे. तो वेश त्यांनी स्वतः बेतला होता.

या संधिकाळात भाषेची तारांबळ उडाली. ‘चोळी’ म्हणावे तर पुढे गाठ नाही. मग ‘पोलके’ आले. त्याचे नाते युरोपातल्या पोल्का नावाच्या जाकिटाशी जोडले जाते. नंतर ‘झंपर’ आला, तो सरळ इंग्रजी ‘जंपर’चा मराठी अवतार. शेवटी ‘ब्लाउज’ आला आणि त्याने सगळ्यांना बाजूला सारले. मात्र एकही शब्द पुरता मेला नाही. लहान मुलीचे ते परकर-पोलकेच राहिले. आजीचा तो झंपर. आणि देवीला वाहायची ती चोळीच. नवे वस्त्र स्वीकारताना मराठीने जुन्याला निवृत्तिवेतन देऊन घरातच ठेवले, असे म्हणायला हरकत नाही.

शिवणयंत्राचा जन्म मात्र भांडणातच झाला. फ्रान्समध्ये तिमोनिए या शिंप्याने यंत्र बनवले, त्याची कार्यशाळा १८३१ साली पॅरिसच्या शिंप्यांनीच मोडून टाकली. अमेरिकेत हाऊचे पेटंट १८४६चे, सिंगरचे १८५१चे. १८७०च्या दशकात सिंगर कंपनी हिंदुस्थानात उतरली ती मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांच्या हाती कारभार देऊन. हप्त्याने यंत्र विकण्याची कंपनीची युक्ती इथेही चालली. यंत्रांना एरवी कठोर विरोध करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली रामचंद्रन यांच्याशी बोलताना सिंगरच्या यंत्राला अपवाद केला. सिंगरने आपल्या पत्नीचे हातशिलाईचे कष्ट पाहिले आणि प्रेमापोटी हे यंत्र केले, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षातला आयझॅक सिंगर अनेक संसार थाटलेला आणि दोन डझनांच्या आसपास मुलांचा बाप होता. पत्नीप्रेमाचा नमुना म्हणून त्याची निवड जरा धाडसाचीच. तरी गांधीजींच्या भाबडेपणात एक खरी गोष्ट होती. हे यंत्र गिरणीत गेले तसे घरातही आले, आणि पायाने चालवायचे असल्याने ते बाईच्या स्वतःच्या लयीत चालले. पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने ‘उषा’ यंत्रे काढली आणि मध्यमवर्गीय घराच्या खिडकीशी पायमशीन ही ओळखीची वस्तू झाली.

तिच्याही आधी यंत्र पोचले होते ते स्त्रियांच्या संस्थांत. पुण्याच्या सेवासदनाची स्थापना १९०९ सालची. रमाबाई रानडे यांनी ती संस्था वाढवली. तिथे शुश्रूषेचे शिक्षण होते, अध्यापनाचे होते आणि शिवणाचेही होते. शिकायला येणाऱ्यांत विधवांचा भरणा मोठा होता. इथे क्षणभर थांबावेसे वाटते. जिच्या पिढीतल्या कित्येकींना चोळी वर्ज्य होती, ती बाई पोट भरण्यासाठी दुसरीची चोळी बेतायला शिकली. आणि त्या वाटेने, हळूहळू, स्वतःचीही. समाजसुधारणेच्या इतिहासात ठराव, सभा आणि वृत्तपत्रीय वाद यांना जागा मिळते. पांढऱ्या मांजरपाटाचे साधे पोलके अंगात घालून वर्गात बसलेल्या विधवेने त्या दिवशी घरी गेल्यावर काय सोसले असेल, याला मिळत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन-चार दशकांत गावोगावी शिवणक्लास निघाले. त्यांची हेटाळणी आमच्या पिढीने पुष्कळ केली. दहावीला गुण कमी पडले की मुलीला शिवणक्लासला घालायचे, लग्न ठरेपर्यंत. पण तिथे काय शिकवले जात होते ते पाहिले तर हेटाळणी थांबते. तिथे भूमिती शिकवली जात होती. कापड सपाट असते आणि अंग सपाट नसते. सपाट कापडातून गोलाई कशी काढायची, हा शिवणाचा मूळ प्रश्न. त्याचे उत्तर ‘टक्स’. कापडाची एक निमुळती पाचर आत घेऊन शिवायची, की पाचरेच्या टोकापुढे कापड फुगते. टोक छातीच्या उंच बिंदूच्या सुमारे एक इंच अलीकडे थांबले पाहिजे. बिंदूवर नेले तर तिथे चोच येते. टक्सांच्या जागी कापडच तुकड्यांत कापून वाटीसारखे जोडले की कटोरी. तेच कापड उभ्या धाग्यावर कापले तर ताठ राहते, उरेब कापले तर ताणते. गळ्याची पट्टी उरेब का कापायची, हे ज्या मुलीला एकदा समजले तिला कापडाचा स्वभाव समजला.

या क्लासांत ब्राउन पेपरवर आखणी होई ती सूत्रांनी. छातीच्या घेराचा चौथा भाग घ्या, बाराव्या भागाने गळ्याची रुंदी घ्या. छत्तीस असेल तर नऊ आणि तीन. हे हिशेब वहीत व्यवस्थित उतरवून घेतलेले असत, चौकटी आखून, लाल शाईने. गंमत अशी की सूत्राला एकच आकडा लागतो आणि त्यातून तो सगळा देह उभा करतो. छाती छत्तीस म्हणजे खांदा एवढा, मुंढा एवढा, गळा एवढा. छत्तीस छातीच्या दहा बायका समोर उभ्या केल्या तर दहांचे खांदे दहा तऱ्हांचे असतात, हे सूत्राला ठाऊक नसते. एकीचा खांदा उतरता, एकीची पाठ डोक्यावरच्या ओझ्याने रुंद झालेली, एकीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, कारण वीस वर्षे ती त्याच हाताने हंडा उचलते आहे. सूत्रात अंग बसत नाही तेव्हा शिकाऊ बाईला आधी वाटते की चूक आपल्या अंगात आहे. शिवणक्लासमधल्या चांगल्या बाई ओळखायच्या त्या इथेच. त्या म्हणत, सूत्र पाठ कर आणि मग अंगाकडे बघ.

ब्लाउज ‘छान बसणे’ म्हणजे तरी काय? सर्वसाधारण समज असा की तो छातीला आणि कमरेला तंग बसला पाहिजे. जाणत्या हाताला ठाऊक असते की सगळे खांद्यावर आणि मुंढ्यावर अवलंबून आहे. मुंढा खोल कापला तर ‘मोकळे’ वाटेल अशी कल्पना असते; होते उलट. हात वर केला की बाहीबरोबर सगळा ब्लाउज वर चढतो, आणि बसमध्ये दांडी धरून उभ्या राहणाऱ्या बाईचा दुसरा हात सतत तो खाली ओढण्यात गुंततो. मुंढा काखेशी पुरेसा वर ठेवला, बाहीच्या माथ्याला पुरेशी गोलाई दिली, तर हात हवा तसा हलतो आणि ब्लाउज जागचा हलत नाही. फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षिकेला हा फरक सांगावा लागत नाही. दिसायला शोभणे आणि वावरायला सोयीचे असणे यांत विरोध आहे, ही समजूत वाईट बेतलेल्या कपड्यांतून आली असावी.

मग प्रश्न उरतो मापाचा. शिंपी हा आपल्या संस्कृतीतला मानाचा कारागीर. नामदेव शिंपी होते, आणि गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या एका पदात मनाचा गज आणि जिभेची कात्री होते. तरीही शिंपी पुरुष असे आणि बाईच्या अंगाला फीत लावणे घरांना चालत नसे. त्यावर काढलेली तोड म्हणजे ‘मापाचा ब्लाउज’. अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज शिंप्याकडे पाठवायचा आणि त्याबरहुकूम नवा शिवून घ्यायचा. या रीतीने अब्रू राखली, पण नक्कलेची नक्कल सुरू झाली. हस्तलिखितांच्या पाठपरंपरेवर काम करणाऱ्यांना हा प्रकार चांगला ओळखीचा वाटेल. एका लेखनिकाची चूक पुढचा लेखनिक इमानाने उतरवतो, आणि मूळ संहिता कोणाजवळच नसते. मापाचा ब्लाउज लग्नाच्या वर्षीचा. अंग तीन बाळंतपणांनंतरचे. काखेतली चुणी एका ब्लाउजातून पुढच्यात, तिथून त्याच्या पुढच्यात जात राहिली. कित्येक बायकांनी आयुष्यभर स्वतःच्या अंगाऐवजी स्वतःच्याच एका जुन्या प्रतीसाठी शिवलेले कपडे घातले.

घरी शिवायला शिकलेल्या बाईने ही साखळी तोडली. आरशासमोर उभे राहून, किंवा शेजारणीच्या हाती टेप देऊन, तिने स्वतःच्या अंगाचे खरे आकडे घेतले. ते आकडे कागदावर मांडले. एक खांदा अर्धा इंच खाली आहे हे पाहिले आणि त्या बाजूची आखणी तेवढी उतरवली. हे वाचायला किरकोळ वाटेल. परंतु आपल्या देहाकडे लाजेने किंवा कौतुकाने न पाहता नुसते लक्षपूर्वक पाहणे, त्याची नोंद करणे आणि कापडाला त्याच्याप्रमाणे वाकवणे, याला आपल्या परंपरेत दुसरी जागा कुठे होती? जाता जाता एक : मेट्रिक पद्धत देशात १९५०-६०च्या दशकांत कायद्याने आली. ब्लाउजपीस तेव्हापासून ऐंशी सेंटिमीटरचा किंवा मीटरचा झाला, अंग मात्र आजही इंचांतच मोजले जाते.

पुढचा भाग लवकर सांगता येतो. मॅचिंग सेंटरांनी रंगांचे शेकडो तागे मांडून ठेवले आणि टू बाय टू रुबियाने एक पिढी व्यापली. सिनेमाने तर बाह्या आणि गळे दर काही वर्षांनी बदलायला लावले. त्यात कोल्हापूरच्या भानू अथैया यांचे नाव घ्यायलाच हवे. ‘गांधी’साठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळाले ते सर्वांना माहीत असते; १९६६च्या ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा आधार घेऊन वेश बेतले, हे कमी जणांना. त्या वेशांच्या कमी-अधिक उतरलेल्या नकला गल्लोगल्लीच्या शिंप्यांनी केल्या, आणि अशा वाटेने लेण्यातली चोळी पुन्हा बाजारात आली. आता तयार ब्लाउज मिळतात, ताणणाऱ्या कापडाचेही मिळतात. ते कोणाच्याही अंगाला बसतात आणि त्यांना बेतावे लागत नाही. गेल्या दशकात खणाची हौस पुन्हा आली आहे. पण खणाच्या साड्याच विणल्या जाऊ लागल्या, तेव्हा एका चोळीपुरते कापड हा ‘चोळखण’ या शब्दातला हिशेब मोडला.

शेवटी एक शब्द राहिला. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात त्याला मराठीत ‘माया’ म्हणतात. “दोन्ही बाजूंना माया ठेवा हो,” असे शिंप्याला सांगणारी बाई काही काव्य करत नसते. अंग वाढणार आहे, कपडा टिकवायचा आहे, एवढाच तिचा हिशेब असतो. गाठीची चोळी होती तोवर या मायेचे काम गाठच करत होती. हुक आले, आकडा पक्का झाला, तेव्हा वाढत्या अंगाची सोय शिवणीच्या आत लपवावी लागली.

आईच्या ट्रंकेत तिने स्वतः शिवलेला एक गर्द हिरवा ब्लाउज सापडला. उलटा करून पाहिला तर बगलेच्या शिवणीलगत टिपांच्या जुन्या भोकांच्या तीन रांगा होत्या. तीन वेळा उसवून तीन वेळा सैल केलेला. बाहेरचा हिरवा उन्हाने आणि धुण्याने विटून गेला होता. प्रत्येक रांगेपाशी रंगाची एक छटा बदलत होती, आणि अगदी आत, कात्रीने सोडलेल्या शेवटच्या पाऊण इंचात, दुकानातून आणला त्या दिवशीचा हिरवा रंग जसाच्या तसा होता.